फोनवर न सांगण्यासारखं

डीनसाहेबांना मी सरळ सांगितलं होतं: बेगायिमच्या वडिलांना बोलावून घ्या. तिला जगावंसं वाटत नाही, हे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. या वसतिगृहाची मी प्रमुख, तिला क्षणभर एकटं सोडलेलं नाही, उद्या डॉक्टरांकडे नेणार आहे. पण तिचं माणूस जवळ हवं. तिला राजी करताना माझ्या नाकी नऊ आले होते. "अता माझं तोंडही बघणार नाहीत, एजे," हेच तिचं पालुपद. अता म्हणजे वडील, आणि एजे म्हणजे ताई, ती मी.

आणि साहेबांनी बापाला फोनवर काय सांगावं? "मुलीबद्दल आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. घरातली मोठी माणसं घेऊन या."

आम्हा किरगिझांत असा निरोप फक्त मरणाचा असतो. शेंबडं पोरही ओळखेल. साहेब स्वतः किरगिझ, वर डॉक्टरेट मिळवलेले.

दुपारी नारिनहून गाडी आली. चार बाप्ये फाटकापासूनच, रीतीप्रमाणे, मोठ्याने रडत आत शिरले. पुढे बाप, ओरोझबेक. "माझं वासरू गेलं रे!" सगळ्या खिडक्या मुलींनी भरल्या. मी कपाळाला हात लावला.

"अहो, आहे ती. आत मुलींसोबत जेवतेय," मी घसा फोडून सांगत होते, पण मयताला आलेली माणसं कुणाचं ऐकतात?

शेवटी रडणं ऐकून बेगायिमच बाहेर आली. ओरोझबेक मटकन पायरीवर बसला.

"आहेस ना गं?"

"आहे, अता." मग खाली बघत ती म्हणाली, "पण राहावंसं वाटत नाही. खूप दिवस झाले."

बापाबरोबर आलेले तिचे काका लगेच सरसावले. "असलं अभद्र बोलतात का? चांगली धडधाकट तर आहेस. लोक काय म्हणतील?"

"तुम्ही जरा गप्प बसता का?" माझा संयम सुटला. मेलेल्या पोरीसाठी रडायला गळा तयार, जित्या पोरीचे दोन शब्द ऐकायला मात्र कान नाहीत.

तेवढ्यात साहेब अवतरले. "हिला आजच घरी न्या. कॉलेजवर बालंट नको."

ओरोझबेकने दोघांकडेही पाहिलं नाही. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. त्याने लेकीला शेजारी बसवून घेतलं आणि मला विचारलं, "उद्या डॉक्टरांकडे कधी जायचं?"

"सकाळी."

"मी येतो." मग तो तिच्याकडे वळला. "खूप दिवस म्हणजे कधीपासून गं?"

ती सांगू लागली. मी साहेबांना आणि काकांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.