चार बोटं लांब म्यान

"काका, नुसता मुलूख सांगा. पुढचं माझं मी बघते," म्हणत वुर्यानीनं वडिलांचा केरिस, घराण्यातून आलेला तो खंजीर, माझ्या पुढ्यात ठेवला.

तिचे वडील सार्जोनो सायकलरिक्षा दुरुस्त करायचे. तीन दिवसांपूर्वी अंगावरून वारं गेलं, वाचा बसली. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"जायच्या आधी त्यांना त्यांची माणसं भेटवायचीत हो. जन्मात कधी गावाचं नाव काढलं नाही. म्यान आपल्या सोलोचं, म्हणून मी इथली सगळी खेडी पालथी घातली. कुणी ओळखत नाही."

मी उगाच चष्मा पुसत बसलो. बघायचं काय होतं? म्यान माझ्याच हातचं!

सहासष्ट साली सार्जोनो मागच्या दारानं आला होता. ओठ फुटलेला. हाच केरिस पुढे करून "याला सोलोचे कपडे घाल," म्हणाला. पातं बघून मी चरकलो. आमच्या पात्यांहून चांगलं चार बोटं लांब, आणि घासून गुळगुळीत केलेलं. आमच्याकडे जावात पातं खरखरीत राखतात. हे बालीचं होतं. तिकडे तेव्हा कम्युनिस्ट म्हणून घराघरातून माणसं ओढून मारत होते. पातं तोडणं पाप, म्हणून सोलोच्या घडणीचं म्यानच लांब केलं आणि मरेपर्यंत तोंड उघडणार नाही असा शब्द दिला.

"येत नसेल ओळखता तर तसं सांगा! तिकडे ते चाललेत!"

"येतंय गं बाई."

"मग?"

शब्द पाळावा, तर हा आपल्या माणसांवाचून जाणार.

"बाली," मी म्हटलं. "गाव मलाही ठाऊक नाही. त्यालाच विचार."

वुर्यानी बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? रोज आमच्या ओट्यावर कॉफी पीत होतात, काका!"

तिनं केरिस उचलला आणि ती निघाली. मीही मागोमाग निघालो.

घरी पोचताच ती उशाशी बसली, वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, बालीत कुठं? मी नावं घेते, तुम्ही हात दाबा. तबानान? क्लुंगकुंग? नेगारा?"

सार्जोनोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसती भीती होती. त्यानं चालता हात कसाबसा उचलला आणि लेकीच्या तोंडावर दाबून धरला.

वुर्यानीनं तो काढला नाही. त्याच्याखालीच ती आवाज न करता रडत राहिली.