उडी मारणारा माळी

माणसाचा जीव कशावर जडेल, काही सांगता येत नाही. आमच्या चष्मेवाल्याचा जडला होता एका माळ्यावर. खरा माळी नव्हे, व्हिडिओ गेममधला. हातात झारी घेऊन कुंपणावरून अशी उडी मारायचा की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून झाले की चष्मेवाला घरी येऊन माळ्याला उड्या मारायला लावायचा. दुसरं व्यसन नाही हो बिचाऱ्याला.

पण कन्सोलवाल्या कंपनीच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. नव्या कन्सोलमध्ये कुंपणं बुटकी केली. म्हणे खेळणाऱ्याला त्रास नको. पुढच्यात कुंपणंच काढली. त्याच्या पुढच्यात उडीचं बटण गायब, आणि माळी सरळ रस्त्याने चालत जाऊन जाहिरातींच्या पाट्यांना पाणी घालायला लागला. चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता गंमत बघा. कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर कोण, तर त्याचीच बायको. घरी ऑफिसचा विषय काढायचा नाही, हा तिचा दंडक. दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर जेवताना आणखी नकोत म्हणायची, आणि तिचं काही चूक नव्हतं. म्हणून हा बहाद्दर दुकानातून तिला रीतसर फोन लावायचा. ती सर म्हणायची, हा मॅडम म्हणायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. माळ्याची उडी परत द्या, नाहीतर कंपनीला टाळं ठोका! ती सगळं टिपून घ्यायची आणि येताना दूध आणा, असं हळूच सांगायची.

शेवटी मशीन विचारायचं, समाधान झालं असेल तर पाच दाबा, नसेल तर एक. एक दाबावा तर शेरा बायकोच्या नावावर, आणि असे शेरे साठले की नोकरीवर गदा. "अहो, मनात काही असू दे, बोटाने पाचच दाबा," असं तिने बजावलं होतं. चष्मेवाला दात-ओठ खायचा आणि पाच दाबायचा. रोज.

बाकीचे लोक वैतागून आधीच फोन आपटायचे. शेवटपर्यंत थांबून आकडा दाबणारा हा एकटाच. झालं, कंपनीतल्या शहाण्यांनी हिशेब मांडला की आपलं गिऱ्हाईक शंभर टक्के खूष आहे. नव्या कन्सोलच्या खोक्यावर चष्मेवाल्याचा फोटो आला, त्याच्या दुकानाच्या पाटीवरून उचललेला, आणि खाली छापलं, 'समाधानी माणूस'. त्या कन्सोलला बटणंच नव्हती. माळी बाकावर बसायचा आणि आपण त्याच्याकडे बघत राहायचं.

इथवरही एक वेळ चाललं असतं. पण एका दुपारी बायको भरउन्हात घरी आली, हातात टेबलावरचा चहाचा कप. सगळे समाधानी, मग तक्रारींचं टेबल हवंय कशाला? टेबलही गेलं आणि तिची नोकरीही गेली.

जी नोकरी वाचवायला पाच दाबले, तीच नोकरी त्या पाचांनी गिळली. चष्मेवाल्याला बायकोच्या नजरेला नजर देववेना. ती मात्र रडली नाही की भांडली नाही. कप ठेवला, कंपनीचा नंबर फिरवला, स्पीकर लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"आता एक दाबा. आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही."

पलीकडे माणूस नव्हताच, मशीन होतं. पण आवाज बायकोचा. नोकरीवरून काढताना कंपनीने तिच्याकडून चार वाक्यं वाचून घेतली होती, कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

"सर, आपलं समाधान झालं का?" फोनमधली बायको गोड आवाजात म्हणाली. "झालं असेल तर पाच दाबा, नसेल तर एक."

चष्मेवाल्याने बोट एकावर नेलं. मग त्याने पाच दाबला.

फोनमधली बायको धन्यवाद म्हणाली आणि फोन बंद झाला. समोरची बायको ओरडली,

"अहो, हे काय केलंत?"

"विचारत तू होतीस ना," चष्मेवाला म्हणाला. "तुला एक कसा देऊ?"