ताईने दिलेली महागडी शॉर्ट्स

ताईने पहिल्या पगारातून मला सायकलिंगची गादीवाली शॉर्ट्स घेतली. किंमत बघून आई म्हणाली, "एवढ्यात नवी खुर्ची आली असती!"

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून मोजायचंच ठरवलं. एक दिवस ताईची शॉर्ट्स, एक दिवस माझी जुनी, स्वस्तातली. रस्ता तोच, तीस किलोमीटर. घरी आल्यावर वहीत दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. आठ दिवसांनी दोन्हींची सरासरी आली सात. मांड्या सोलवटल्या होत्या. पुढच्या आठवड्यात ताई येणार, विचारणार, आणि मला तिच्याशी धड खोटंही बोलता येत नाही.

शेवटी सीटच बदलावी म्हणून सायकलवाल्या काकांकडे गेलो. माझी फेंगडी चाल बघून त्यांनी विचारलं, "आत चड्डी घालतोस?"

"म्हणजे काय! रोज धुतलेली."

काका पाना खाली ठेवून हसायला लागले. "अरे शास्त्रज्ञा, ही थेट अंगावर घालायची असते! आतल्या चड्डीची शिवण सोलतेय तुला. सीटला काय धाड भरलीय?"

चार दिवस जखमा सुकू दिल्या आणि पुन्हा मोजलं. जुनी शॉर्ट्स, चार. ताईची, एक. केवढं हायसं वाटलं!

ताईने आल्या आल्या दारातच विचारलं, "काय रे, पैसे पाण्यात गेले का?"

"छे गं!" मी वही तिच्यापुढे धरली.

"मग आधीचे आठ दिवस सात का?"

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत पळालो.