खलनायकाची वाक्यं माझ्याकडे

आमची ही माणसं मारते. सकाळी नऊला, चहा झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. आजवर एकतीस कादंबऱ्या आणि साठ-सत्तर मुडदे. त्यातल्या निम्म्या मुडद्यांचं काम मी केलंय, हे मात्र पुस्तकावर कुठे छापत नाहीत. "अहो, जरा जिन्याखाली आडवे पडा, पाय दिसतात का बघते," म्हणाली की पडायचं. एकदा मला तसं बघून पोस्टमनने पार्सल टाकून धूम ठोकली होती.

माझं चष्म्याचं दुकान आहे. अख्ख्या वस्तीचे डोळे मी तपासतो, त्यामुळे आपल्याला सगळं नीट दिसतं असा माझा समज होता.

तिच्या दोन सवयींवर मी कायम तोंडसुख घेत आलो. लिहिलेल्या प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात तारीख घालायची, ही एक. आणि रविवारी जेवणं झाली की नवं प्रकरण मोठ्याने वाचून घ्यायचं. पुरुषांची सगळी वाक्यं मी, बायकांची जी हाताला लागेल ती. आधी पान बघायचं नाही. अडखळलो तर वाक्य वाईट.

गेली दोन वर्षं मात्र एक कादंबरी अडून बसली होती. विषय मुलींना फसवून नेऊन विकण्याचा. त्यासाठी ही दर बुधवारी बायकांच्या आधारगृहात जायची. तिथल्या, त्यातून सुटून आलेल्या नऊ जणी हिच्याशी बोलल्या. परत आली की जेवायची नाही. त्या कादंबरीचं एक पानही तिने मला वाचायला दिलं नव्हतं. मी चिडायचो. "अगं, साधे सरळ खून कर ना! कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" पुढच्या बुधवारी ती पुन्हा जायची.

अशात माझी भाची, आमची बबडी, परदेशी निघाली. शिकायला म्हणून चार वर्षं आमच्याकडेच राहिलेली. आम्हाला मूल नाही, त्यामुळे लाडांचा सगळा कोटा तिच्या वाट्याला. मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी. ती देणारा एजंट माझ्याच दुकानात चष्मा करायला आलेला. काय सभ्य माणूस! मीच त्याला घरी आणलं, मीच बहिणीला फोन करून म्हणालो, "तू निर्धास्त राहा, मी आहे ना." विमान गुरुवारचं होतं.

बबडीचा पासपोर्ट त्याच्याकडे आहे हे कळल्यावर ही भडकली. मी तिच्यापेक्षा जास्त भडकलो. "तुला काय, सतरंजी नेणारा माणूसही खुनी वाटतो!" ते खरंच घडलं होतं. गुंडाळलेल्या सतरंजीत प्रेत आहे म्हणून हिने पोलीस बोलावले, आणि आत निघाली सतरंजीच. चौकीतले साहेब अजून मला बघून गालातल्या गालात हसतात. बबडीही हसली. "मामी, प्लीज, माझ्यावर कादंबरी नको." ही गप्प बसली. ती गप्प बसली की घाबरायचं असतं, हे मला तीस वर्षांच्या संसारानंतर तरी कळायला हवं होतं.

रविवारी जेवणं आटोपली आणि हिने माझ्या हातात कागद ठेवले. "बबडे, जाण्याआधी एवढं वाच. मुलगी तू, एजंट तुझे मामा."

बबडी माझ्या खांद्यावरून पान बघत उभी राहिली. मी घसा खाकरून डरकाळी फोडली.

"तसं नाही," ही म्हणाली. "गोड बोला. गिऱ्हाइकाशी बोलता तसं."

मी गोड झालो. "'तुझ्याएवढीच धाकटी बहीण आहे मला. म्हणून सांगतो, पासपोर्ट माझ्याजवळ राहू दे. वेंधळी आहेस तू.'"

बबडीने वाचलं, जरा हळूच. "'पण आईला पत्ता काय देऊ?'"

"'आत्ता काहीच सांगू नकोस. मामांनाही नको. एकदा पोचलीस की...'" इथे पान संपलं. पुढचं चिकटलेलं. मी बोट ओलं करतोय, तोवर बबडीच बोलली.

"आपण दोघं मिळून त्यांना सरप्राइज देऊ."

मी पान उलटलं. तेच होतं. शब्दाला शब्द.

माझं टाळकंच सरकलं. "लाज नाही वाटत? पोरीचं बोलणं चोरून ऐकतेस आणि पुस्तकात घालतेस?"

हिने पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तारीख गेल्या वर्षीची. एजंट माझ्या दुकानाची पायरी चढला त्याच्या अकरा महिने आधीची.

"नऊपैकी सात जणींना हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "कुणाला मामा, कुणाला काका, एवढाच फरक. मी पदरचं काही घातलेलं नाही."

"मामा, तो परवाच म्हणाला मला हे," बबडी म्हणाली आणि मामीच्या कुशीत शिरली. मी आहे ना, असं म्हणालो होतो मी बहिणीला.

तासाभरात आम्ही तिघं चौकीत होतो. साहेबांनी हसायला तोंड उघडलं, मग बबडीचं ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. मंगळवारी एजंटाच्या खोलीतून पासपोर्ट निघाले, सहा मुलींचे. बबडीचा वरून तिसरा.

गुरुवारी बबडी आतल्या खोलीत घोरत होती, अगदी ट्रॅक्टरसारखी. तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. "मी गाढव आहे," मी हिला म्हणालो.

"ते माहीत होतं मला," असं म्हणून तिने माझा हात धरला. मग तिचेही डोळे भरले. "त्या सात जणींना आधी कुणी वाचून दाखवलं नाही हो."

मी टेबलावरचे ते कागद उचलून तिच्यासमोर ठेवले.

"पुरी कर ही कादंबरी," मी म्हणालो. "आणि एजंटाचा एक शब्दही बदलू नकोस. कुठल्यातरी घरात एखादा मामा तो मोठ्याने वाचेल."