सतरंजीवरचं जग

अंबरनाथच्या मंडळीत दौलतरावांची ओळख म्हणजे सतरंजी. नाताळच्या मेळाव्याला आजूबाजूच्या सगळ्या चर्चचे लोक जमायचे, आणि तीस वर्षं सतरंज्या घालायच्या यांनी, गुंडाळायच्याही यांनीच. कारखान्यातून रिटायर झाले, सतरंजीतून काही सुटका नाही. आणि यंदा पाळकसाहेबांनी त्यांना चक्क भाषण करायला सांगितलं! विषय जगभरातले ख्रिस्ती, वेळ दहा मिनिटं. दौलतराव इतके हरखले, की बदलापूरला घरी पोचेपर्यंत तीन ओळखीच्यांना आणि एका अनोळखी रिक्षावाल्यालाही सांगून झालं.

महिनाभर खपून त्यांनी चार फुलस्केप भरले. बायकोला, राजाबाईंना, वाचून दाखवू म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मला फराळाचं पडलंय, तुमचं जग राहू द्या तिकडे. मेळाव्याच्या सकाळी बाई करंज्या तळायला बसल्या. तेल निथळायला रद्दी हवी, घाईत हाताला लागले ते कागद अंथरले. झालं, युरोप-आफ्रिका सगळं तेलात! शाई लागून दहाबारा करंज्या निळ्या झाल्या त्या वेगळ्याच. दौलतराव डोक्याला हात लावून बसले. आता मरेपर्यंत सतरंज्याच घालणार मी, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी भाषणाला उभे राहिले. समोर दीडशे माणसं, मागे बिर्याणीचा टोप, आणि एक शब्द आठवेल तर शपथ. घाबरून मान खाली घातली, तर पायाखाली सतरंजी. अरेच्चा! कोण कुठे बसतं हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मग काय, गाडी सुटलीच. पंख्याखालच्या अन्नम्मा सिस्टर केरळच्या, येशूचा शिष्य थोमा आमच्याच किनाऱ्याला उतरला असं मानणाऱ्या. भिंतीला टेकलेले वसईकर कॅथलिक. जगात यांचीच मंडळी सगळ्यांत मोठी, म्हणून तर दरवर्षी यांना दोन सतरंज्या लागतात. दाराशी उल्हासनगरचे सिंधी काका, दुकान बंद करून कायम उशिरा. कोपऱ्यात नागालँडची पोरं, त्यांच्याकडे गावंच्या गावं बाप्टिस्ट पंथाची. आणि ढोलकीला चिकटून आपण मराठी, भजनाशिवाय ज्यांचा नाताळ उजाडत नाही. लोक हसून हसून लोळायला लागले. दौलतरावांना तर आनंदाने भरून आलं.

"पृथ्वीवर दर तिघांत जवळजवळ एक ख्रिस्ती," ते म्हणाले. "एवढी मोठी सतरंजी मिळाली असती, तर तीही मीच घातली असती."

आमेन म्हणाले आणि सवयीने वाकून सतरंजीचं टोक धरलं. आमेन झालं की लोक बिर्याणीकडे धावतात, हा तीस वर्षांचा शिरस्ता. आज टोक ओढलं तर सतरंजी हलेना. कुणी उठलंच नव्हतं.

तेवढ्यात बायकांतून राजाबाईंचा आवाज आला.

"अहो, इथिओपिया राहिला की. तिसऱ्या कागदावर होता."

दौलतराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हातातलं टोक सोडून त्यांनी इथिओपियाला सुरुवात केली.