देविदासचा परस

लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत आमदार देविदासनं चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात सरळ वर केले. कारकुनानं टेप धरला.

“सायेब, टाचा टेकवा.”

“टेकलेल्याच हायत. विहिरीच्या चिखलात कुठं टाचा उचलता येतात?”

“सात फूट दोन इंच.”

“लिहा,” कलेक्टर म्हणाले. “एक परस म्हणजे सात फूट दोन इंच.”

जिल्हा कोरा करकरीत होता, दुष्काळ तेवढा जुना. विहिरीची खोली लिहिल्याशिवाय गावाला बोअर मंजूर होईना, आणि खोलीचे कागद जुन्या जिल्ह्यातून निघाले होते, पोचले नव्हते. बहात्तर साली देवणीकडच्या बावीस विहिरी देविदासनं खणल्या होत्या. पाणी लागेपर्यंत विहीर त्याची, पाणी लागलं की गावाची. खोली मोजायला टेप कुठला? हात वर करून अंगच लावायचं, तो एक परस. आज त्यानं बावीसही घडाघडा सांगितल्या. कुठली सहा परस, कुठली नऊ. गुणाकार करता करता कारकुनाला घाम फुटला. ‘मोजणारा’ या रकान्यात देविदासनं सही ठोकली.

मागच्या खुर्चीवरून त्याच्याच गावचे सरपंच अमृतराव उठले.

“देविदासराव, आपलं गाव राहिलं की!”

“त्या विहिरीत मी कधी उतरलोच न्हाई, मालक. तुम्ही आमच्या वस्तीला काठावर बी येऊ दिलं न्हाई. खोटी सही कशी करू?”

अमृतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“मग आम्ही मोजतो की दोर सोडून.”

कलेक्टरांनी कागद उलटून पाहिला. “मोजणारा एकच नोंदलाय. आमदारांनाच उतरावं लागेल. यादी उद्या दुपारी बंद.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव विहिरीभोवती जमलं. देविदासच्या कमरेला दोर अमृतरावांनी स्वतः बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

“जपून, सायेब.”

भिंतीवर खडूच्या खुणा करत देविदास आठ परस खाली गेला. तळाशी घोटाभर पाणी होतं, गार.

“झालं का मोजून?” वरून अमृतरावांनी विचारलं.

“हाव, झालं.”

“मग वढू का दोर?”

“दमानं घ्या, मालक.”

देविदास वाकला. ओंजळ भरून घेतली आणि सावकाश प्यायला. मग दुसरी भरली. वर अमृतराव दोर धरून उभे होते.