करकोच्याआधी कापलेला दोरा

एकतीस वर्षं मी या हॉस्पिटलात अपघात विभागाची हेड सिस्टर आहे आणि एकतीस वर्षं मार्च महिना माझ्या डोक्यात जातो. एक तारखेला सगळं गाव मनगटाला मार्तेनित्सा बांधतं, लाल-पांढऱ्या दोऱ्याची. पहिला करकोचा दिसेपर्यंत ती काढायची नाही, नाहीतर नशीब रुसतं म्हणे. आणि करकोचा मेला उगवतो महिनाअखेरीस! तोवर गाठीवर हातमोजा नीट बसत नाही, त्याची कड गुंडाळत खाली येते आणि मनगट उघडं पडतं. ओरडून ओरडून माझा घसा बसतो.

सगळ्यात वात्रट आमचे डॉक्टर कांबुरोव्ह. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बायकोला, विलियानाला, दिवस राहिले. म्हणून तिने यंदा त्यांच्या डाव्या मनगटाला दुहेरी बांधली, मध्ये निळा मणी, वर दोन गोंडे.

"डॉक्टर, हे झुंबर उतरवा."

"त्सोंका मावशी, बाळ हातात येईपर्यंत हे सुटत नाही. जा, कॉफी प्या."

गुरुवारी दुपारी किरोला आणलं. द्राक्षमळ्यात खांब कापताना करवत मांडीत घुसलेली, रक्ताची नुसती पिचकारी. मी टेबलावर चढले आणि गुडघ्याने त्याची जांघ दाबून धरली.

"सिस्टर, बायकोला कळलं तर मारेल," किरो कण्हत म्हणाला.

"मेलास तर कसली मारते? पडून राहा गुपचूप."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. डाव्याची कड गोंड्यावरून सर्रकन खाली आली. मी खिशातली कात्री काढली.

"खबरदार! हात लावाल तर!"

"हात पुढे करा, नाहीतर मनगटासकट कापीन!"

कापलीच. मणी टणकन ट्रेमध्ये पडला. दोऱ्याखाली, डॉक्टरांना घरच्या वेली छाटताना लागलेली बोटभर ओली जखम होती, दोऱ्याची लोकर चिकटलेली. मी त्यावर पट्टी लावली आणि दोन्ही हातांवर लांब कडेचे मोजे चढवले, एकावर एक. ते मला चेटकीण म्हणाले आणि रक्तात हात घालून कामाला लागले.

टाके संपता संपता किरो म्हणाला, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. मला कावीळ आहे. ती रक्तातून लागते ना, ती."

डॉक्टरांनी मोजे उतरवले. पट्टी कोरडी होती. तरी ते दहा मिनिटं हात धूत राहिले. भ्याले होते बिचारे. मीही भ्याले होते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी विलियाना आली, आठव्या महिन्याचं पोट घेऊन, तणतणत. "माझ्या बाळाचं नशीब कापलंत तुम्ही! काय वाईट केलं होतं मी तुमचं?"

मी काही बोलायच्या आत डॉक्टरांनी बाही वर केली, जखम दाखवली आणि किरोची कावीळ सांगितली. ती मटकन खुर्चीत बसली. किती तरी वेळ पोटावर हात धरून नुसती रडली. मग पर्समधून नवी मार्तेनित्सा काढली.

"पायाला बांधते," ती म्हणाली. पण वाकणार कशी? शेवटी मीच कुरकुरत्या गुडघ्यांवर बसले आणि डॉक्टरांच्या घोट्याला पक्की गाठ मारली. बसताना माझ्या पॅंटची कड वर सरकली.

"मावशी, तुम्हीपण?" माझ्या घोट्यावरचा लाल-पांढरा दोरा बघून विलियाना म्हणाली.

"मग! मी काय दगडाची आहे? एकतीस वर्षं तिथेच बांधते," मी म्हटलं. "आता उठवा मला दोघं मिळून."